माकडांना केळी नकोत



गेल्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सहलीची चर्चा चालली होती. विरारच्या पलीकडचं एखादं रिसॉर्ट की आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क, असा प्रश्न होता. मी अर्थातच पार्कच्या बाजूनं. रिसॉर्टवर स्विमिंग पूल आणि डीजे, जेवणात कांदा-लसूण वेगळा केलाय का हे चारदा विचारायचं, आणि वर माणशी दीड हजार. मी बी.कॉम. आहे, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. नातवंडांसकट सगळ्यांनी जायचं, तर पार्कात त्याच्या चौथ्या हिश्श्यात दिवस होतो. शेवटी पार्क ठरलं, थंडीतला रविवार ठरला आणि कोण काय आणणार याची यादी सुरू झाली. दशम्या, बिनलसणाची शेंगाचटणी, चुरमुरे. मग एका भगिनीनं लिहिलं, "माकडांसाठी दहा डझन केळी आणि पाच किलो फुटाणे घेऊ, सगळ्यांनी वर्गणी काढू. सहलीबरोबर जीवदयाही होईल."

त्यावर भराभर हात जोडलेले आले. मी मोजले नाहीत, पण वीस तरी असतील. मी एकटीनं लिहिलं, "माकडांना खायला घालणार असाल तर मी येणार नाही."

मग ग्रुपवर शांतता आणि माझ्या फोनची घंटा सुरू. एक धाकटी मैत्रीण तर म्हणाली, "काकू, तुम्ही रोज स्वाध्यायाला बसता, आणि मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढता?" तिचा राग मी समजू शकते. फोनवर काही नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. आणि मी काही वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही. जे सांगते ते माझ्याच हातून घडलेलं आहे.

१९८३ साली सांगलीहून लग्न होऊन मी बोरिवली पूर्वेला आले. पार्कचं गेट घरापासून चालत वीस मिनिटांवर. सासूबाई मला पहिल्यांदा पोदनपूरच्या त्रिमूर्तीच्या दर्शनाला घेऊन गेल्या, आणि येताना माकडांना केळी द्यायला. साल काढून द्यायच्या, "बिचाऱ्यांना सोलायला वेळ लागतो" म्हणून. तेव्हापासून तीसेक वर्षं मी तेच केलं. मुलांना वनराणीत बसवलं, तळ्यात होडीतून फिरवलं, आणि प्रत्येक वेळी पिशवीत माकडांचा वाटा वेगळा बांधून नेला.

२०१७च्या हिवाळ्यात नातू पाच वर्षांचा होता. कान्हेरीच्या पायऱ्यांवर मी त्याच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला आणि म्हटलं, "दे बाळा, हात पुढे कर, घाबरू नको." एक थोराड माकड आलं. त्याला एक बिस्कीट नको होतं, पुडाच हवा होता. पोरानं घाबरून मूठ घट्ट आवळली. कोपरापासून मनगटापर्यंत चार नखं उमटली आणि तळहाताला दात लागला. मी किंचाळले. शेजारच्या एका गृहस्थांनी मदत म्हणून हातातली काठी फिरवली, ती त्या माकडाला लागलीच नाही. पलीकडे कठड्यावर पोटाशी पिल्लू घेऊन बसलेल्या माकडिणीला लागली. ती खाली पडली, उठली आणि एक पाय उचलून धरत झाडीत गेली. पिल्लू तसंच पोटाला चिकटलेलं.

(एक कामाची गोष्ट मध्येच सांगून टाकते. माकडानं किंवा कुत्र्यानं चावलं, ओरबाडलं तर हळद-चुना काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजच्या लशी चुकवायच्या नाहीत. आमच्या नातवाला पाच घ्याव्या लागल्या: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.)

नातू आता आठवीत आहे. मनगटावरचा व्रण मित्रांना ऐटीत दाखवतो. सूनबाई त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलली नाही, हा तिचा मोठेपणा. पण ती लंगडत गेलेली माकडीण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सामायिकाला बसले की कधीकधी तीच येते. त्या दिवसाचा हिशेब मी पुष्कळदा मांडला आणि दर वेळी नावे माझंच खातं निघालं. त्या माकडाला माणसाच्या हातातलं हिसकावायला कुणी शिकवलं? तीस वर्षं आम्हीच शिकवलं. साल काढून शिकवलं.

आता दानाचं बोलू, कारण माझ्यावरचा आक्षेप तोच आहे. आपल्याकडे दान चार प्रकारचं सांगितलंय: आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. आहारदान आपण कसं करतो ते आठवा. मुनीमहाराजांसाठी चौका लावतो, पाणी गाळतो, उकळतो, पडगाहन करतो. विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चौघांवर दानाचं फळ अवलंबून असतं, हे तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आपण दर दशलक्षणात वाचतो. महाराजांच्या अंजुलीत क्रीमचं बिस्कीट ठेवायची आपली हिंमत होईल का? मग माकडाच्या बाबतीत द्रव्याचा विचार का नाही करायचा?

थोडी माहिती करून घेतली की हा विचार सोपा होतो. पार्कात दिसणारं काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. त्याचं पोट पानं आंबवून पचवायला बनलेलं असतं. गोड बिस्किटं, फरसाण, पिकली केळी हे त्याचं अन्नच नाही. लाल तोंडाची माकडं फळं, कोवळे कोंब, किडे असं काय काय खातात आणि रानभर हिंडून बिया टाकतात. म्हणजे ती जंगलाची पेरणीच करत असतात. आपण केळी घेऊन रस्त्यावर उभे राहिलो की ती हिंडणं सोडून रस्त्याच्या कडेला बसतात. गाडीखाली येतात. आपसांत मारामाऱ्या करतात. धीट होऊन सोसायटीच्या स्वयंपाकघरात शिरतात. मग आपल्यातलीच एखादी बाई "पिंजरा लावा" म्हणून अर्जावर सही करते. केळी देणारा हात आणि सही करणारा हात एकच असतो, एवढंच मी म्हणते.

राष्ट्रीय उद्यानात प्राण्यांना खायला घालायला नियमानं बंदी आहे, ठिकठिकाणी तसे फलकही आहेत. पण नियमाचा धाक घालून मला तुम्हाला थांबवायचं नाही. आपल्या बायका नियमाला भीत नाहीत, पापाला भितात, हे मला ठाऊक आहे.

पोदनपूरला आदिनाथ भगवंतांच्या बाजूला भरत आणि बाहुबली उभे आहेत. बाहुबलींकडे नीट बघा. आपल्या कुंभोजच्या २८ फुटी मूर्तीतही तेच आहे आणि श्रवणबेळगोळच्या ५७ फुटी मूर्तीतही. पायांवर, मांड्यांवर, दंडांवर वेली चढल्या आहेत. श्रवणबेळगोळला पायाशी वारुळं आहेत, त्यांतून साप डोकावताहेत. वर्षभर ते जंगलात उभे राहिले. त्यांनी कुणाला खाऊ घातल्याचं पुराणात कुठे नाही. त्यांच्यापासून कुणाला भय नव्हतं म्हणून वेल आली, मुंग्या आल्या, साप आला. लहानपणापासून आपण या मूर्तीला अभिषेक करतो. यापेक्षा अभयदान वेगळं ते काय असतं?

"मग मुक्या जिवांना उपाशी ठेवायचं का?" याचं उत्तर असं की जंगलातला प्राणी आपल्या भरवशावर नाही. गाय, म्हैस, बैल यांना माणसानं आपल्यावर अवलंबून ठेवलं, त्यांचं म्हातारपण आपल्या डोक्यावर आहे. भुलेश्वरचा पांजरापोळ १८३४ पासून उभा आहे तो त्यासाठीच. केळ्यांची वर्गणी तिथे पाठवा, मी पहिली पावती फाडते. उन्हाळ्यात पाणी ठेवायचं तर आपल्या गॅलरीत चिमण्यांसाठी ठेवा. (कबुतरखान्याचा वाद कृपा करून इथे आणू नका. तो वेगळा लेख होईल आणि माझं बीपी वाढेल.)

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. आपण टाकलेल्या उष्ट्यावर भटकी कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. आपल्या पार्कातल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे अभ्यासकांनी तपासून सांगितलंय. २०१५च्या मोजणीत या जंगलात आणि आसपास ३५ बिबटे कॅमेऱ्यात सापडले होते. जंगल जेमतेम १०४ चौरस किलोमीटर, आणि चारी बाजूंनी आपण. बोरिवली, मुलुंड, भांडुप, ठाणे. मुलुंडच्या आमच्या जाऊबाईंच्या कॉलनीला लागूनच डोंगर चढतो. २००२ ते २००४ या काळात हल्ल्यांनी सगळे हादरले होते, तेव्हा संध्याकाळी सहानंतर त्या मुलांना खाली सोडत नसत. पुढे २०११ पासून वनखातं, अभ्यासक आणि सामान्य मुंबईकर यांनी मिळून वस्त्यांत जाऊन समजावण्याचं काम सुरू केलं: कचरा साठू देऊ नका, अंधारात मुलांना एकटं सोडू नका, बिबट्या दिसला तर घेराव घालू नका. जाऊबाईंनी सोसायटीच्या मागचा कचऱ्याचा ढीग हलवायला लावला, तेव्हा लोक त्यांना कुरकुरी म्हणाले. मला वाटतं त्या ढिगाएवढी जीवदया आमच्या दहा डझन केळ्यांत नाही. बिबट्या वाचला, कुत्रं वाचलं, आणि कुणाचं तरी पोर वाचलं असेल.

आता तुम्ही विचाराल, खायला घालायचं नाही तर मुलांना तिथे नेऊन करायचं काय? हे मात्र मी आनंदानं सांगते, कारण या पाच-सात वर्षांत मला पार्क नव्यानं सापडलं.

आपली मुलं पाठशाळेत एकेंद्रिय ते पंचेंद्रिय घडाघड म्हणतात. पण पाचव्या मजल्यावर वाढलेल्या मुलानं गांडूळ पाहिलेलं नसतं. गेटपासून कान्हेरीपर्यंत सहाएक किलोमीटर डांबरी रस्ता आहे. त्यातला दोन-तीन किलोमीटर चाललं तरी सगळी गाथा समोर उभी राहते. झाड एकेंद्रिय. ओल्या पालापाचोळ्यातली अळी, गांडूळ द्वींद्रिय. मुंग्यांची रांग त्रींद्रिय. भुंगा, फुलपाखरू चतुरिंद्रिय. आपल्या राज्याचं फुलपाखरू नीलवंत इथे दिसतं, काळ्या पंखांवर निळे ठिपके. चितळ आणि वानर पंचेंद्रिय. नातीनं मला विचारलं, "आजी, मुंगीला डोळे दिसतात की मग ती त्रींद्रिय कशी?" मी म्हटलं, पाठशाळेच्या ताईंना विचारू. सगळी उत्तरं आजीकडेच असली पाहिजेत असं कुठे आहे?

दुसरा खेळ आम्ही घरीच तयार केला, लांछनांचा. चोवीस तीर्थंकरांच्या लांछनांपैकी किती इथे भेटतात? माकड अभिनंदननाथांचं. हरीण शांतिनाथांचं. रानडुक्कर विमलनाथांचं. सिंह महावीरस्वामींचा, तो सफारीत. साप पार्श्वनाथांचा, तो लांबून. मगर पुष्पदंतांची, ती विहार आणि तुळशी तलावात आहे, पण तिथे आपल्याला जाऊ देत नाहीत, कारण ते पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत, १८६० आणि १८७९ पासूनचे. चंद्रप्रभूंची चंद्रकोर संध्याकाळी गेटबाहेर पडताना दिसली तर दिसली. अभिनंदननाथांचं नाव घेऊन माकडाकडे बघायची सवय लागली की मुलं त्याला वेडावत नाहीत, दगड मारत नाहीत. हा फायदा मला आधी सुचला नव्हता.

उंबराचं झाड दिसलं की मी हमखास थांबते. वड, पिंपळ, उंबर आणि त्यांची भावंडं अशी पंच उदुंबर फळं आपण खात नाही, हे अष्टमूलगुणांत येतं. का खात नाही, तर आत त्रसजीव असतात. "उंबर फोडून केंबरं काढू नये" अशी आपली म्हणही आहे. पण पिकून खाली पडलेलं, आपोआप उललेलं उंबर मुलांना दाखवायला हरकत नाही. इवलीशी गांधीलमाशीच्या जातीची माशी त्या फळाच्या तोंडाच्या बारीक छिद्रातून आत शिरते, आतल्या फुलांवर पराग पोचवते, तिथेच अंडी घालते आणि मरते. तिच्याशिवाय उंबराला बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर धनेश, हरियाल, वटवाघळं यांना फळ नाही. नातू ऐकून म्हणाला, "म्हणजे हे घर आहे, म्हणून आपण खात नाही." मी चाळीस वर्षं नियम पाळला, तो मुलांना इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आला नव्हता.

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत, बौद्ध भिक्षूंची, दोन हजार वर्षांपासूनची. "ती आपली नाहीत" म्हणून आपल्या पुष्कळ बायका पायऱ्यांखालीच बसून राहतात. जरूर वर जा. एकेका खोलीत दगडाचाच ओटा, बाहेर पाण्याचं कोरीव टाकं, डोंगरावरून टाक्यापर्यंत पाणी आणणाऱ्या बारीक पन्हळी. भिक्षू पावसाळ्यात हिंडणं थांबवून एका जागी राहायचे, त्याला ते वर्षावास म्हणतात. आपल्या चातुर्मासाचाच सख्खा भाऊ. त्या ओट्यावर पाच मिनिटं मौन बसायला सांगितलं तर पोरंही बसतात, मी पाहिलंय.

चातुर्मासावरून आठवलं. पावसाळ्यात धबधब्यात भिजायला पार्कात झुंबड उडते. आपण ते टाळावं असं माझं स्पष्ट मत आहे. जमीन जिवांनी भरलेली असते, गोगलगायी, वाणी, बेडकांची पिल्लं रस्ता ओलांडत असतात, आणि शेकडो चपला त्यांच्यावरून जातात. ईर्यासमिती मुनींसाठी आहे, पण चार हात पुढचं पाहून चालायला श्रावकाला कुणी बंदी केलेली नाही. आपले दिवस कार्तिकी पौर्णिमेनंतरचे. मार्गशीर्ष ते फाल्गुन हवा कोरडी, पाऊलवाटा स्पष्ट, आणि माघ-फाल्गुनात सावर, पांगारा, पळस फुललेले.

एक अपवाद मी केला, तो लपवत नाही. कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. आपल्या पार्कात ती २०१६ला फुलली होती, तेव्हा मला माहीतच नव्हतं. २०२४ला दशलक्षण संपल्यावर मी गेले. चातुर्मास होता, मन खात होतं. रस्ता सोडला नाही, फूल तोडलं नाही. उतारच्या उतार जांभळे झाले होते. एकदा फुलली, बी धरलं की ते झाड मरतं. पुढची २०३२ला. नातू तेव्हा वीस वर्षांचा असेल. मी असेन की नाही कोण जाणे, पण त्याला तारीख लिहून ठेवायला सांगितलंय.

ज्यांना आत आणखी जायचं आहे त्यांनी शिलोंड्यासारख्या वाटेवर वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जावं. गोरेगावला फिल्मसिटीच्या बाजूला बीएनएचएसचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे, अंधेरी-गोरेगावच्या मैत्रिणींना ते जवळ पडेल. वाटेत पाड्यांवरच्या आदिवासी बायका आवळे, चिंचा, काकड्या घेऊन बसतात. त्यांच्याशी घासाघीस करू नका. रिसॉर्टवर दीड हजार मोजणारी माणसं तिथे पाच रुपयांसाठी अडून बसतात.

परवा ग्रुपवर निकाल लागला. केळी-फुटाणे रद्द, वर्गणी पांजरापोळला. दोघींनी नाव काढून घेतलं. त्यातली एक माझी जुनी मैत्रीण आहे. मी तिला फोन केला, तिनं उचलला नाही. पुन्हा करीन.

बाकीच्यांनी रविवारी सकाळी सातला गेटवर यायचं. तारीख पुढे ढकलायची वेळ आली तर सोमवार धरू नका, सोमवारी पार्क बंद असतं. स्टीलचे डबे आणा, प्लॅस्टिकची पिशवी नको. जेवण कान्हेरीला उघडायचं नाही. सकाळचं खाऊन यायचं, आणि डबे परतल्यावर दिवसाउजेडी गेटबाहेर. दशम्या मी आणते. नातीच्या यादीत अजून मगरीपुढे खूण झालेली नाही, तिनं दुर्बीणही मागून ठेवली आहे. फुटाणे ज्यांना आणायचेच आहेत त्यांनी आपल्यापुरते आणा, आणि वाटेत खिशातून काढू नका.